बिऱ्हाडागणिक पाणी

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचे एक काका रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकायचं बंद करतात आणि पाण्याची बातमी टाकायला लागतात. 'आज येणारे पाणी उद्या येईल. उद्याचे परवा. सहकार्य करावे.' सहकार्य म्हणजे नेमकं काय करावं, हे त्यांनी कधी सांगितलेलं नाही. आम्ही सगळे अंगठा दाखवतो आणि चहा ठेवतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीला जमिनीखाली एक टाकी आहे, गच्चीवर एक आहे, दोहोंच्या मध्ये मोटर आहे आणि मोटरीच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला वॉचमन आहे. एवढ्या सगळ्यांतून चढत-उतरत पाणी आमच्या स्वयंपाकघरात येतं, तोवर ते कुठल्या दिवसाचं आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

यंदाची पहिली बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे दचकून उठलो आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखाली चाचपडू लागलो. भांडी वाजली तशी मंदा उठून आली. मंदा म्हणजे माझी बायको. माझं असं काही चाललेलं दिसलं की ती आधी दिवा लावते आणि मग विचारते.

"काय शोधताय?"

"कळशी."

"कळशी माळ्यावर आहे. तिच्यात आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या ठेवल्यात. झोपा."

मी काही झोपलो नाही. गॅलरीत जाऊन बसलो. ऊन अजून वर आलेलं नव्हतं, पण येणार असल्याची वर्दी हवेत होती. सोलापूरचं ऊन तसं सभ्य आहे, अचानक येत नाही. आधी सकाळच्या वाऱ्यातला गारवा काढून घेतं, मग चिमण्यांचा आवाज, मग रस्त्यावरची माणसं, आणि अकराच्या सुमारास सगळं गाव आपल्या ताब्यात घेऊन निवांत बसतं. खालच्या कडुलिंबाला मोहोर आला होता. त्या कडवट-गोड वासाबरोबर मला आणखी एक वास आला, जो आमच्या सोसायटीत येणं शक्यच नाही. खळीचा. सुताला खळ लावून ते वाळत घातलं की पेजेसारखा एक आंबूस, उबदार वास सुटतो. भवानी पेठेतल्या आमच्या बोळात तो वर्षभर असायचा, आणि उन्हाळ्यात तर भाकरीबरोबर खावा इतका दाट व्हायचा.

त्या बोळात आम्ही बरीच वर्षं राहिलो. घर रेवणप्पा मालकांचं. घर एक आणि त्यात बिऱ्हाडं पाच. पुढच्या दोन खोल्यांत मास्तरांचं, म्हणजे माझं. मागं अंबक्काचं. वर जिन्यापाशी एक दर्जी, एक बँकेतला शिपाई आणि एक सतत बदलणारं. मालक स्वतः घरातल्याच चौकाच्या पलीकडं राहायचे, आणि घराला मिळालेला एकुलता एक नळ त्यांच्या मोरीत होता. बाकी आम्हा सगळ्यांचा नळ बोळाच्या तोंडाशी, उघड्यावर. त्याला तोटी नव्हती. कुणीतरी कधीकाळी चिंधी गुंडाळलेलं लाकडी बूच बसवलं होतं, आणि ते बूच उपसण्याचा मान पहिला नंबर असणाऱ्याचा. बोळात आसपासच्या घरांतलीही बिऱ्हाडं होती. सगळी मिळून त्या नळावर.

पाणी रोज येत नसे. चार दिवसांनी येई, कधी पाचव्या दिवशी. आमची सई तेव्हा दुसरीत होती. तिला बाईंनी वार विचारले, तर तिनं सोमवार, मंगळवार, बुधवार सांगून झाल्यावर पाणीवार सांगितला. बाईंनी चिठ्ठी पाठवली की घरी लक्ष द्यावे. मी स्वतः शिक्षक असल्यामुळं मला ती चिठ्ठी फार लागली. मंदाला मात्र पोरीचं काही चुकलं असं वाटेना. तिचं म्हणणं, सोमवारी काय असतं? काहीच नसतं. पाणीवाराला निदान आंघोळ असते.

खरंच आमचं सगळं पंचांग त्या वारावर चाले. सईचा वाढदिवस तिथीनं नाही, तारखेनं नाही, पाण्यानं. पाहुण्यांना बोलवायचं तर 'या की' असं मोघम कुणी म्हणत नसे. 'शुक्रवारी या, शुक्रवारी पाणी हाय' असं रोखठोक आमंत्रण. मंदाचा भाऊ एकदा न कळवता कोरड्या दिवशी सहकुटुंब आला. मंदानं त्याला ओवाळलं, पण पाय धुवायला पाणी देताना तांब्या असा काही जपून कलता केला की तो म्हणाला, राहू दे ताई, पाय काय, मी परत जातानाच धुईन.

आणि पाणीवाराची ती सकाळ! (उद्गारचिन्ह मी सहसा वापरत नाही, मुलांनाही वापरू देत नाही. पण इथं इलाज नाही.) अंधार असतानाच मागांची खटखट एकदम थांबायची, कारण माग चालवणारेही नळावर आलेले असत. त्या शांततेत नळ आधी खोकायचा. मग एक लांब श्वास सोडायचा. मग लाल, मग मातकट आणि मग स्वच्छ धार. कळश्या, घागरी, रंगाचे रिकामे डबे, ऑइलचे कॅन, प्रेशर कुकर, सईची पाण्याची बाटली, दर्ज्याकडचं इस्त्रीवर शिंपडायचं फुलपात्रसुद्धा. रांगेत माणसं नसत, भांडी असत. माणूस चहा प्यायला गेला तरी त्याची कळशी त्याच्या जागी उभी. कळशीला माणसाइतकाच मान. कुणी दुसऱ्याची कळशी पायानं सरकवली तर महायुद्ध. माझी कळशी पितळेची, आजोळची, तळाला पोचे आलेली. तिला बोळात 'सरांचं टक्कल' म्हणत. का म्हणत, हे माझं छायाचित्र पाहिल्याशिवाय समजणार नाही.

भरलेलं पाणी घरात आलं की त्याची उतरंड लागे. आजचं ताजं प्यायला. मागचं उरलेलं स्वयंपाकाला. त्याच्या मागचं भांड्यांना. तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याच्या कुंडीला. आंघोळ घमेल्यात बसून, आणि घमेल्यातलं पाणी फरशी पुसायला. पुसलेलं पाणी संध्याकाळी दारात मारायचं, म्हणजे धूळ बसते. त्या तापलेल्या दगडांवर ते पडलं की चर्र आवाज होई आणि बोळभर एक ओली वाफ उठे. ती वाफ अंगावर घ्यायला आम्ही सगळे पायरीवर येऊन बसत असू. ताकाचा तांब्या फिरे. शेंगाचटणीची वाटी फिरे. एवढ्याशा पाण्यानं दिवसभरात किती जणांना भेट दिली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

सई दुसरीत होती त्याच उन्हाळ्यात आमच्या शाळेत वरून एक कागद आला आणि त्यातून माझ्यावर सबंध जगाची जबाबदारी पडली.

झालं असं, की जगातल्या सगळ्या देशांनी मिळून सतरा ध्येयं ठरवली होती. शाश्वत विकासाची. गरिबी नको, भूक नको, सगळ्यांना पाणी, सगळ्यांना शाळा, असं करत करत सतरापर्यंत. ती आता पेठेपेठेत, गल्लीगल्लीत पोचवायची होती, लोकांच्या भाषेत. मराठी शिकवणारा, फावल्या वेळात कविता करणारा आणि नाही म्हणता न येणारा असा शिक्षक हवा होता. मुख्याध्यापकांना फार शोधावं लागलं नाही. मला एका थंडगार सभागृहात दिवसभर बसवून ती ध्येयं दाखवण्यात आली. मी आयुष्यात पहिल्यांदा एप्रिलमध्ये स्वेटर असता तर बरं झालं असतं असं म्हटलं. येताना हातात एक रंगीत चक्र दिलं. सतरा रंगांच्या सतरा पाकळ्या, मधोमध भोक.

ते चक्र मी पायरीवर उघडलं तेव्हा बोळ जमला. दर्ज्यानं लगेच ओळखलं. गड्ड्याच्या जत्रेत आकडे लावायचं चाक असतं, तेच हे, फक्त काटा तुटलाय. मग एकेक ध्येय मी समजावून सांगू लागलो. हवामानाचं तेरावं आलं तेव्हा शिपायानं विचारलं, म्हणजे ऊन कमी करणार हायत का? मी म्हटलं, प्रयत्न आहे. त्यानं आकाशाकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. चौदावं समुद्राखालच्या जीवनाचं. सोलापुरात समुद्र कुठून आणायचा, या पेचात मी दोन दिवस होतो. सिद्धेश्वराच्या तळ्यातले मासे घालावेत का, असं मंदाला विचारलं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, ते चौदावं रत्नागिरीला पाठवून द्या आणि त्यांच्याकडचं जास्तीचं पाणी इकडं मागवा.

पण माझी खरी झोप उडवली ती 'शाश्वत' या शब्दानं. मुळात हा शब्द आमच्या बोळात कुणाच्या तोंडी कधी आलाच नव्हता. मी 'टिकाऊ' म्हणून बघितलं, ते चपलेचं वाटलं. 'चिरंतन' म्हटलं, ते कीर्तनातलं. शेवटी मंदानं आतून हाक मारली, की अहो, त्या पिंपातलं पाणी शनिवारपर्यंत पुरवून वापरा. पुरवून. मी तिथंच थबकलो. आपल्या आयांनी लग्नात, बारशात, दुष्काळात, फराळात, साबणात, सणात वापरलेला शब्द. आज खा, पण उद्याच्यालाही ठेव. मी भीत भीत सभागृहातल्या साहेबांना सुचवलं, की 'शाश्वत विकास'च्या ऐवजी 'पुरवून वापर' चालेल का. ते म्हणाले, शीर्षक वरून ठरलेलं आहे, खालच्या ओळी तुमच्या.

तर खालच्या ओळी माझ्या. बोळाच्या भिंतीवर रंगवायच्या. नळाच्या बरोबर वर मोकळी भिंत होती, तिथं सहावं, पाण्याचं ध्येय घ्यायचं ठरलं. मी तीन दिवस खपलो. मूळ वाक्य लांब होतं, मी आटोपशीर केलं: 'घरोघरी नळ, पेठेला बळ.' यमक साधलं म्हणून त्या दिवशी मी स्वतःलाच चहा पाजला. पेंटरनं निळ्या अक्षरांत सुरेख रंगवलं. सगळ्यांनी नावाजलं. मालकांनी तर पेढे वाटले, कारण भिंत त्यांची होती.

अंबक्काला मराठी वाचता येत नसे. ती तेलुगू वाचायची, तेही थोडं. टॉवेलच्या कडा शिवायचं काम करायची. दोन घरं सोडून कारखाना होता, तिथून टॉवेलांचे गठ्ठे तिच्या खोलीत यायचे आणि शिवून परत जायचे. खोलीत ती, शिलाई मशीन, आणि अंथरुणाला खिळलेली तिची आई. आईमुळं तिला काम सोडून दहा पावलंही लांब जाता येत नसे, आणि आईमुळंच तिला पाणी सगळ्यांपेक्षा जास्त लागे. रोजच्या रोज धुणं. पाणीवाराला अंबक्काच्या चार कळश्या असत आणि त्यावर कुणी कधी हरकत घेतली नाही. उलट धार बारीक व्हायला लागली, की नळावर जो असेल तो आपली कळशी बाजूला घेऊन ओरडे, "मागं कोन ऱ्हायलंय का?" मागं बहुतेक अंबक्काच असायची, आईचं आवरून येईपर्यंत तिला उशीर व्हायचा. मग बाकीच्यांची अर्धी भांडी तशीच ठेवून तिची आधी भरली जायची. हे इतकं नेहमीचं होतं, की त्या थंडगार सभागृहात 'कुणालाही मागे न ठेवता' हे वाक्य पडद्यावर आलं तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतलं, अधोरेखित केलं, आणि आपण हे रोज कानानं ऐकतो असं माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

भिंत रंगून वाळली त्या आठवड्यात महापालिकेचे पाण्याचे साहेब आले. हे सभागृहातले नव्हेत, हे दुसरे. तरुण, मराठवाड्याकडून बदलून आलेले, कपाळावरचा घाम रुमालानं टिपता टिपता बोलणारे. त्यांनी आनंदाची बातमी आणली होती. आमच्या बोळातल्या प्रत्येक घराला नळजोडणी असल्याचं आढळून आलं होतं. बोळ शंभर टक्के झाला होता. आता लवकरच पाटी लागणार, छोटासा कार्यक्रम होणार. आणि ज्या बोळात घरोघरी नळ आहे तिथं उघड्यावरचा सार्वजनिक नळ ठेवत नाहीत, पाणी वाया जातं, तेव्हा पुढच्या आठवड्यात तो काढतील.

पहिल्यांदा कुणाला काही समजलंच नाही. टाळ्यासुद्धा वाजल्या, त्यात माझ्या दोन होत्या. मग दर्ज्यानं माझ्याकडं बघितलं, मी मंदाकडं, मंदानं भिंतीकडं. घर एक. नळ एक. तो मालकांच्या मोरीत. आम्ही पाच बिऱ्हाडं त्या घराच्या पोटात, मोजणीत त्या एकाच घरात धरलेली.

अंबक्कानं सईला बोलवून भिंतीवरचं वाचून घेतलं. मग माझ्या दाराशी आली. रडत वगैरे नव्हती. हातात कात्री तशीच होती.

"सर, घरोघरी म्हंजी माझं घर कंचं?"

मी मराठीचा शिक्षक. व्याकरण सांगता आलं असतं, 'घरोघरी' हे अव्यय आहे म्हणून. तेवढी अक्कल सुदैवानं त्या वेळी सुचली नाही.

मालकांना विचारलं. मालक वाईट नव्हते. त्यांचे गुडघे गेलेले, बायको आजारी, मोरी स्वयंपाकघराला लागून. पाच बिऱ्हाडांची रांग घरातून कशी न्यायची, असं तेही अगदी हताश होऊन म्हणाले. मग हळू आवाजात अंबक्काला म्हणाले, की तुला जास्त लागतं, तू दुसरी जागा बघितलेली बरी. दुसरी जागा म्हणजे गावाबाहेर, जिथं खोलीत नळ मिळेल. पण तिथं टॉवेलचा गठ्ठा कोण आणून टाकणार? काम आलं नाही तर भाडं नाही, आणि कामासाठी पेठेत यायचं तर आईपाशी कोण? तिनं हे सगळं बोलून दाखवलं नाही. खोलीत गेली आणि मशीन सुरू केली. त्या दिवशी ती मशीन इतक्या जोरात चालत होती, की मला जेवण गेलं नाही. तिनं बोळ सोडायचा, आणि तोही माझ्या यमकाखालून.

साहेब पुन्हा आले ते कार्यक्रमाची जागा ठरवायला. मी त्यांना गाठायचं ठरवलं होतं. भाषणही तयार केलं होतं, त्यात चक्र होतं, जग होतं, कुणालाही मागे न ठेवता होतं. प्रत्यक्षात तोंड उघडलं आणि 'साहेब, त्याचं असं आहे की' इथंच अडकलो. सगळा बोळ पायऱ्यांवर बसून माझ्याकडं आशेनं बघत होता. साहेब घाम टिपत होते. अशा वेळी मंदा करते तेच तिनं केलं. चहा आणला. आणि पाहुण्याला चहा देताना आपल्याकडं कुणीही विचारतं तेच, अगदी सहज, तिनं विचारलं.

"नवीनच आलाय ना सोलापुरात? बिऱ्हाड कुठं केलंत?"

"रेल्वे लाइन्सला," साहेब म्हणाले. "वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत."

"आणि पाणी?"

"खाली मालकांकडं येतं. बायको भरून आणते. बाळ लहान आहे, तिचे हाल होतात जरा."

साहेबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि मग ती बशी तशीच धरून ते भिंतीवरच्या निळ्या अक्षरांकडं बघत राहिले. मला वाटतं, आपलं वाक्य संपलं तेव्हा त्यांना ते ऐकू आलं असावं.

अंबक्का दारातून म्हणाली, "म्हंजी साहेब, तुमी बी घरात न्हाई. बिऱ्हाडातच की."

दर्जी आधी हसला. मग शिपाई. मग साहेबही हसले, आणि चहा शर्टावर सांडला. मंदानं चटकन ओलं फडकं दिलं. एरवी ती कोरड्या दिवशी कुणासाठी फडकं ओलं करत नसे.

साहेबांनी त्या दिवशी काही कबूल केलं नाही. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "वरचं वाक्य मला बदलता येत नाही, सर. पण त्याचं मराठी तुम्ही केलंय ना?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "मग 'घर' कुणी लिहिलं?" मी म्हटलं, मीच. म्हणाले, "बिऱ्हाडं मोजली तर हा बोळ शंभर टक्के होत नाही. आणि शंभर टक्के होत नाही तोवर बाहेरचा नळ काढता येत नाही. मला परत मोजणी लावावी लागेल." त्यात त्यांचा तोटा होता. त्यांच्या सगळ्या भागात आमचा बोळ पहिला शंभर होणार होता, पाटी लागणार होती, फोटो निघणार होता. ते सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं मागं घेतलं, आणि आमच्यावर काही उपकार केले असं तोंडावर दाखवलंही नाही. नुसतं म्हणाले, ऊन फार आहे तुमच्याकडं.

भिंत पुन्हा रंगली. 'घरोघरी' खरवडून पेंटरनं 'बिऱ्हाडागणिक' लिहिलं. 'बिऱ्हाडागणिक नळ, पेठेला बळ.' वृत्त पार कोसळलं. पेंटर तेलुगू भाषक, त्यानं 'ऱ्हा' तीन वेळा चुकवला आणि मालकांनी पेढ्यांचे पैसे फुकट गेले म्हणून कुरकुर केली. बाहेरचा नळ राहिला. अंबक्का राहिली. आमचा बोळ शंभरातून निघाला, आणि पुढच्या पाणीवारी दर्ज्यानं बूच उपसताना जाहीर केलं, की आपण नापास झालोत, तरी सगळ्यांनी नीट रांगेत यावं.

पुढं दोनेक वर्षांनी आम्ही कर्ज काढून जुळे सोलापुरात आलो. बिऱ्हाड संपलं, घर झालं. सामान टेम्पोत चढवताना अंबक्कानं सईला स्वतः कड शिवलेला टॉवेल दिला होता. आता सई दहावीची परीक्षा देऊन सुट्टीत लोळत असते, आणि पाणीवार हा शब्द आपण काढलेला हे तिला खरं वाटत नाही.

तर यंदा, कळशी शोधण्याच्या त्या पहाटेनंतर, मला राहवेना. मी रविवारी भवानी पेठेत गेलो. सईला बरोबर चल म्हटलं तर ती म्हणाली, तुम्ही रडणार असाल तर मी येत नाही. मंदा आली, मला सांभाळायला.

बोळ तसाच होता. मागांचा आवाज थोडा कमी झालेला, खळीचा वास मात्र तोच. भिंतीवरचा निळा रंग उडालेला. आणि नळ नव्हता. त्याच्या जागी सिमेंटचा एक गोल डाग. पण वर बघितलं तर भिंतीवरून प्लास्टिकच्या पाइपांच्या रांगाच रांगा गेलेल्या, एकेक एकेका खोलीत शिरलेली. मोजणी लागायला, पत्रं जायला, मालकांचं मन वळायला आणि खणायला बरीच वर्षं लागली होती. बिऱ्हाडागणिक नळ झाला होता. अगदी माझ्या बेसूर ओळीप्रमाणं.

त्या दिवशी नेमका पाणीवार होता. तरी बोळात चिटपाखरू नाही. दारं लोटलेली, आतून फक्त भांड्यात पाणी पडण्याचे आवाज. प्रत्येक आवाज वेगळा, आपापला.

अंबक्कानं आम्हाला आत बसवलं. केस पिकलेत, आई आता नाही. मशीन आहे. कोपऱ्यात मोरीएवढ्या जागेत चकचकीत नळ, त्याला तोटीसुद्धा. तिनं तो मला उघडून दाखवला, बंद करून दाखवला, पुन्हा उघडून दाखवला. आई शेवटची दोन वर्षं स्वच्छ पाण्यात न्हाली, असं म्हणाली. मी ऐकत होतो, पण माझं मन बाहेरच्या सिमेंटच्या डागावर. आणि मी नको ते बोललो. म्हटलं, अक्का, तेव्हाची मजा वेगळी होती, सगळे एकत्र, ती रांग, ती कळशी.

तिनं नळ बंद केला.

"तुमाला आठवण काडायला बरं हाय, सर," ती म्हणाली. "तुमची एक कळशी. माज्या चार. कंबर कुनाची गेली?"

मंदा पदरात तोंड घालून हसली. खरंच, माझ्या आठवणीत त्या कळश्या कधी जड नव्हत्या. वर्षं जातील तशा त्या आणखी हलक्या होत गेल्या होत्या.

एवढ्यात बाहेर आरडाओरडा. आम्ही दारात आलो. सगळ्या बिऱ्हाडांत पाणी आत आलं होतं, पण ते बाहेर कुठं जायचं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. बोळाला गटार नव्हतं. पूर्वी आठवड्याचं पाणी आठवड्यात जिरायचं, आता पाचपंचवीस मोऱ्यांचं एकदम दारात. साबणाचा फेस, भाताचे दाणे, सगळं मधल्या खळग्यात येऊन दर्ज्याच्या पायरीला लागलं होतं. दर्जी शिपायाच्या बायकोला म्हणत होता तुमचं पाणी, ती म्हणत होती आमचं न्हाई, वरचं. वरचे जिन्यातून म्हणत होते, पानी पे नाम लिक्या रैता क्या? मालक काठी टेकत आले. एकेक दार उघडलं. बघता बघता सगळा बोळ बाहेर, गुडघ्यापर्यंत कपडे धरून, एकमेकांवर ओरडत.

मी इतका खूश झालो, की मला ते लपवता येईना.

"हसताय काय, सर?" अंबक्कानं खराटा माझ्या हातात दिला. "सतरात ह्ये कुटं बसतंय ते मागनं बगा. आदी ढकला."

मी पँट दुमडली. चप्पल मंदाकडं दिली. दर्जी एका बाजूनं आणि मी एका बाजूनं ते फेसाळ पाणी ढकलत बोळाच्या तोंडाशी नेलं. मागून शिपायाची बायको बादलीनं लोटत होती, मालक काठीनं दिशा दाखवत होते. मोठ्या रस्त्याला ते लागलं, तशी समोरच्या दुकानातून एक नवीन शिवी आली, आणि एक माणूस हात वर करून आमच्याकडं यायला निघाला.

"या, बसा," दर्जी त्याला म्हणाला. "गटारासाठी बैठकच लावायचीय. बिऱ्हाड कुठं तुमचं?"